सव्वीस नंबरचा बाण

माझ्या पहिल्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की मी एक ठरलेलं उत्तर देत आलो. रामदासपेठेतल्या एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये काही दिवस होतो, मग बँकेत लागलो, संपलं. बायकोला एवढंच माहीत आहे, मुलांना त्याहून कमी. या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हाही कॉलेजनंतर मी थेट बँकेच्या परीक्षेवर आलो होतो. मुलीनं कच्ची पानं वाचली आणि विचारलं, "बाबा, मधलं दीड वर्ष कुठं गेलं?" मी म्हणालो, "असंच, बसून होतो." तिनं पानाच्या कडेला पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. ते मी कितीदा तरी खोडायला घेतलं. गेल्या महिन्यात कन्हानहून एका माणसाचा फोन आला, आणि आता ते खोडण्यात अर्थ उरला नाही.

आमचं घर गांधीबागेच्या मागच्या गल्लीत होतं. घर म्हणजे मुख्यतः माग. पुढच्या खोलीची सगळी जागा त्यानं घेतलेली, बाबा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे, आणि आम्ही बाकीचे उरलेल्या जागेत जेवायचो, अभ्यास करायचो, झोपायचो. धोटा इकडून तिकडे जायचा, फणी आपटायची, आणि आई भिंतीशी बसून चरख्यावर कांड्या भरायची. या आवाजात मी पाढे पाठ केले. पाहुणे आले की त्यांना ओरडून बोलावं लागे आणि ते गेल्यावर आमच्या लक्षात येई की आपणही ओरडतच बोलतो. सकाळी ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी, संध्याकाळी भातावर भुरका, म्हणजे लाल तिखटावर ओतलेलं कडकडीत तेल. कधी बाबांच्या हातात चार पैसे आले की आई वडाभात करायची, आणि तळणाचा वास आला की बाबा मागावरूनच विचारायचे, "आज कोणता सण आहे वं?" आई म्हणायची, "तुमी गप बसाचा सण."

मी सेंटरमध्ये लागलो त्या उन्हाळ्यात माग थांबायला लागला. व्यापारी सूत देईना. आधी एखादा दिवस, मग सलग दिवस खोली शांत असायची. बाबा तरीही खड्ड्यात जाऊन बसत आणि ताण्याच्या धाग्यांवरची धूळ फडक्यानं झटकत राहत. त्या शांततेत मला झोप येत नसे. शेजारच्या घरातलं भांडण, बाहेरच्या सायकलरिक्षाची घंटी, सगळं पहिल्यांदाच स्पष्ट ऐकू येऊ लागलं होतं. बाबा गल्लीत सर्वांना सांगत, "माहा पोट्टा ठंड्या खोलीत बसून नोकरी करते. चप्पल बाहेर काढून जा लागते, मंदिरावानी."

ते खरं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत धूळ जाऊ नये म्हणून सर्वांनी चपला बाहेर काढायच्या, असा साहेबांचा नियम होता. साहेब म्हणजे सेंटरचे मालक. आत एअर कंडिशनर, बाहेर नागपूरचं ऊन. दुपारी मुलं क्लास संपवून बाहेर पडली की डांबरावर पाय ठेवल्यासारखी नाचत आपापल्या चपला शोधायची. एका खोलीत साहेब क्लास चालवायचे आणि दुसऱ्या खोलीत आम्ही बाहेरची कामं टाइप करायचो. आम्ही म्हणजे शकूताई आणि मी.

शकूताई, शकुंतला गजभिये, रोज कन्हानहून बसनं यायची. तिचे वडील तिथल्या खाणीत होते. तरुणपणी नागपुरात येऊन त्यांनी दीक्षा घेतली होती आणि मुलीला शिकवायचं हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं, असं ती सांगायची. टायपिंगच्या क्लासमध्ये ती माझ्या पुढं होती. सेंटरमध्ये जागा आहे हे तिनंच मला कळवलं आणि साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला. मशीन कसं सुरू करायचं, फ्लॉपीला बोट कुठं लावायचं नाही, सगळं तिनं शिकवलं. मी चुकलो की म्हणायची, "काहून गा दिगू, बोटं घरी ठेवून आला का?" दुपारी आम्ही डबे उघडायचो. तिच्या डब्यातली अंबाडीची भाजी मी अर्धी खायचो. हे मी घरी कधी सांगितलं नाही. आईनं काही म्हटलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. मी तशी वेळच येऊ दिली नाही. आता वाटतं, पुढं जे केलं त्याची सुरुवात तिथंच होती.

शकूताई रोजंदारीवर होती. साहेबांनी तिला शब्द दिला होता की काळमेघ सरांच्या प्रबंधाचं काम नीट पार पडलं की तिला क्लासमध्ये शिक्षिका म्हणून कायम करू. काळमेघ सर रसायनशास्त्राचे प्राध्यापक. कॉम्प्युटरवर टाइप होणारा हा आमच्याकडचा पहिलाच प्रबंध होता आणि तो नीट निघाला तर विद्यापीठातून आणखी कामं येतील असं साहेबांचं गणित होतं. शकूताईचं गणित वेगळं होतं. ती म्हणायची, "कायम झाली का मले फळ्यासमोर उभी राहाले भेटन. बाबाले एक दिवस आणून मागच्या बाकावर बसवतो."

अडचण बाणाची होती. रसायनशास्त्रात हे आणि ते मिळून अमुक तयार होतं, असं लिहिताना मध्ये बाण लागतो. कीबोर्डवर बाण नव्हता. शकूताईनं आधी दोन आडव्या रेघा आणि पुढं कोन असं करून पाहिलं. काळमेघ सरांनी चष्मा कपाळावर नेला.

"शकुंतलाबाई, हा बाण आहे की माशाचा काटा?"

"सर, मशीनमध्ये याच्याहून चांगला मासा नाही."

सर हसले. ठरलं असं की बाणाची जागा मोकळी सोडायची आणि छापून झाल्यावर शकूताईनं काळ्या शाईनं, पट्टी धरून बाण काढायचे. तिचा हात सुरेख होता.

मी मात्र बाण शोधत राहिलो. कपाटात एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात शेवटी एक तक्ता होता. मशीनच्या पोटात अक्षरं नसतात, आकडे असतात. प्रत्येक अक्षराला एक नंबर. त्या तक्त्यात सव्वीस नंबरसमोर एक छोटा, उजवीकडे तोंड केलेला बाण छापला होता. 'ऑल्ट'ची कळ दाबून धरायची, उजव्या बाजूच्या आकड्यांवर दोन आणि सहा दाबायचे, आणि ऑल्ट सोडायची. मी सोडली. हिरव्या पडद्यावर बाण उभा राहिला. माझ्या आयुष्यात मी काहीतरी पहिल्यांदा शोधून काढलं होतं.

"अरे बाप्पा!" शकूताई खुर्ची ओढत आली. "कुठून काढला गा?" तिनं स्वतः चार बाण काढले, मग सगळे पुसले. "भल्ला सुंदर आहे. पण सरच्या कामात नोको टाकू. आधी कागदावर निघते का पाहू."

"निघन ना ताई. पडद्यावर दिसते तर कागदावर काहून नाही निघन?"

"मंग छापूनच पाहू. घाई कायची आहे?"

घाई मला होती. तिचं कौतुक रोज व्हायचं, माझं कधीच नाही. काळमेघ सर आले की सरळ तिच्या मशीनकडे जायचे. मी तिचं वाईट चिंतत होतो असं नाही, हे मी स्वतःला शंभरदा तपासून विचारलं आहे. मला फक्त सर्वांनी एकदा माझ्याकडे वळून पाहायला हवं होतं. त्या आठवड्यात शनिवारी ती वडिलांना छातीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली आणि प्रबंधाची प्रकरणं एकदा वाचून ठेवायला मला सांगून गेली. मी वाचली. आणि जिथं जिथं तिनं मोकळी जागा सोडली होती, तिथं तिथं सव्वीस नंबरचा बाण बसवला. पडद्यावर समीकरणं पुस्तकातल्यासारखी दिसू लागली. सोमवारी छापून निघेल तेव्हा कळेल सगळ्यांना, असं म्हणत मी घरी गेलो. तिला सांगितलं नाही.

आमची कामाची एक पद्धत होती, ती इथं सांगायला हवी. प्रत्येक प्रकरण वेगळ्या फ्लॉपीवर टाइप व्हायचं. काम संपलं की मशीनला एक हुकूम देऊन सगळी प्रकरणं एकापुढे एक जोडायची, त्याची एक मोठी फाइल नव्या फ्लॉपीवर घ्यायची, तिचं पहिलं पान आणि शेवटचं पान उघडून पाहायचं, आणि जुन्या फ्लॉप्या पुसून क्लासच्या मुलांना द्यायच्या. फ्लॉप्या महाग, साहेब त्या कुलपात ठेवत आणि मोजून देत. सोमवारी सकाळी साहेबांनी दोनदा येऊन फ्लॉप्या मागितल्या, नवी बॅच येऊन बसली होती. शकूताईनं प्रकरणं जोडली. पहिलं पान उघडलं, नीट होतं. शेवटचं उघडलं, संदर्भग्रंथांची यादी शेवटच्या नावापर्यंत होती. तिनं जुन्या फ्लॉप्या पुसून दिल्या आणि प्रिंटरला कागद लावला.

प्रिंटर कर्कश होता. मी माझ्या जागेवरून, न पाहिल्यासारखं करून, बाण यायची वाट पाहत होतो. शकूताई कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत उभी होती. मग तिचा हात थांबला.

"दिगू, हे पान पाह्य बरं."

पानावर एक समीकरण सुरू झालं होतं. डावी बाजू होती. त्यानंतर बाण नव्हता, उजवी बाजू नव्हती, पुढचा मजकूर नव्हता. त्याच ओळीला चिकटून दुसऱ्या प्रकरणाचं शीर्षक सुरू झालं होतं. तिनं भराभर पुढची पानं ओढली. दुसरं प्रकरण काही पानं चाललं आणि पहिल्या समीकरणाशी तुटलं. तिसरंही. प्रिंटर तसाच ओरडत होता. मला त्याच क्षणी कळलं, कारण प्रत्येक ठिकाणी तुटलं होतं ते बरोबर मी बाण बसवला तिथं. शेजारच्या खोलीतून नव्या बॅचचे टाइप करण्याचे आवाज येत होते. आमच्या फ्लॉप्यांवर मुलं आपापली नावं लिहून पाहत होती.

शकूताईनं प्रिंटर बंद केला. ती म्हणाली, "मी जोडताना काही तरी चुकली." मी म्हणालो, "पाणी आणू का ताई?"

दुपारी ती काळमेघ सरांकडे त्यांची हस्तलिखितं परत आणायला गेली तेव्हा मी एकटाच मशीनवर बसलो. दोन छोट्या फाइली केल्या, एकीत मधोमध बाण टाकला, त्या जोडल्या. बाणापुढचं सगळं गेलं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा गेलं. मग पुस्तकाची आधीची पानं वाचली, जी मी वाचायला हवी होती. सव्वीस नंबर मशीननं स्वतःच्या कामासाठी ठेवलेला होता. फाइली जोडताना तो भेटला की मशीन समजायचं, मजकूर इथं संपला. लिहिण्याच्या प्रोग्रामला त्याचं काही नव्हतं, तो बाण दाखवायचा. जोडणारा हुकूम मात्र तिथंच थांबायचा. मी त्या दोन फाइली पुसल्या, पुस्तक कपाटात होतं तसं ठेवलं आणि तक्त्याच्या पानावर माझ्या बोटाचा डाग नाही ना, तेही पाहिलं.

आज माझा नातू मोबाइलवर बाण पाठवतो, निळे, लाल, वाकडे, दोन तोंडांचे. त्यानंच मला शोधून दाखवलं की आता जगातल्या सगळ्या मशीनांत बाणाला त्याचा स्वतःचा नंबर आहे, दुसऱ्या कुठल्या कामाशी त्याचा संबंध नाही. "आजोबा, यात एवढं काय पाहता?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "चांगलं केलं त्यांनी."

संध्याकाळी साहेबांनी दोघांना आत बोलावलं. काळमेघ सर खुर्चीत बसले होते, कपाळाला हात लावून. प्रबंध जमा करायची शेवटची तारीख त्याच आठवड्यात होती.

"फ्लॉप्या कुणी पुसल्या?" साहेबांनी विचारलं.

"मी पुसल्या साहेब. पहिलं-शेवटचं पान पाहून पुसल्या. नेहमी पुसतो तशा."

"पाहून? मग हे काय आहे? मशीन आपोआप खातं का पानं?"

"ते मले समजून नाही राहिलं."

"समजणार कसं?" साहेब सरांकडे वळून, पण आम्हाला ऐकू येईल असं म्हणाले, "चूक माझीच. या लोकांना संधी द्यायची म्हणून दिली, आणि हे असं होतं."

शकूताई ताठ झाली. "साहेब, चूक झाली असन तं माही झाली. माह्या लोकाईची नाही. त्यायचं नाव घेऊ नका."

सरांनी खाली पाहिलं. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, ती फक्त आधार शोधत होती.

"दिगू, शनिवारी तूच वाचत होता ना. तुले काही येगळं दिसलं होतं का? काहीबी?"

मला बाबा खड्ड्यात बसलेले दिसले. हे मी सबब म्हणून लिहीत नाही, दिसले म्हणून लिहितो. माझ्या जिभेवर उत्तर होतं, आणि साहेब माझ्याकडे पाहत होते.

"नाही ताई," मी म्हणालो. "सगळं बरोबर होतं."

तिनं मान हलवली. मग साहेबांना म्हणाली, "सरचं काम मी पुरं करून देतो. त्याचे पैसे नोको. मंग तुमाले काय कराचं ते करा."

तिनं ते पूर्ण केलं. तारखेपर्यंत आम्ही दोघांनी सगळा प्रबंध पुन्हा टाइप केला. ती सकाळच्या पहिल्या बसनं यायची, डबा उघडायची नाही. मी माझा डबा पुढं सरकवला तर म्हणायची, "तू खाय गा, तू काहून उपाशी मरते?" तिच्या बोटांचा वेग पाहून मला मागाची आठवण यायची. एकदा तिनं विचारलं, "तुहा तो बाण टाकाचा का आता?" मी इतक्या जोरात नाही म्हणालो की ती दचकली. "भेते काहून? मी आपलं विचारलं." सगळे बाण तिनं पट्टी धरून शाईनं काढले. प्रबंध वेळेत गेला. काळमेघ सर तिचे आभार मानून गेले, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला यायला नको म्हणून सांगितलं. तिची जागा त्यांनी मला दिली, कायम म्हणून. क्लासही मला दिला. मी नाही म्हणालो नाही.

त्या दिवशी आईनं वडाभात केला. बाबा जेवताना म्हणाले, "ते कन्हानची बाई होती ना गा, तुले लावून देणारी? तिले बोलवा लागत होतं जेवाले."

"ते सोडून गेली," मी म्हणालो.

"काहून?"

"माहीत नाही."

पुढं माग विकला, मला बँक लागली, लग्न झालं. शकूताईचा पत्ता माझ्याजवळ होता. तीन-चारदा कन्हानच्या बसमध्ये बसून वाटेतच कामठीला उतरलो आणि परत आलो. मग बऱ्याच वर्षांनी बँकेच्या कामानं कन्हानला जाणं झालंच, आणि बाजारातल्या रस्त्यावर एका माडीवर तिच्या नावाची पाटी दिसली. कॉम्प्युटर क्लास. जिन्याशी चपलांचा ढीग. मी वाक्य तयार करूनच जिना चढलो.

"दिगू!" ती फळ्यासमोरूनच ओरडली. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. "किती जाडा झाला गा! बँकेत लागला म्हणे, बसून नोटा खाते का?" पोरं-पोरी हसली. तिनं मला पुढं खुर्ची दिली, एका मुलीला चहा आणायला पिटाळलं. "हा माहा जुना साथी. दोघंबी संगं शिकलो. बरं झालं आला, आज यायले तेच सांगून राहिली होती."

मग ती वर्गाकडे वळली. "मी तुमच्याएवढी होती तवा एका माणसाचा पुरा प्रबंध बुडवला होता म्या. विचारा याले. जोडली फाइल, सगळी न पाहता जुन्या फ्लॉप्या पुसल्या, खलास. कुठं चुकली ते आजवर समजलं नाही मले. रातच्या रात डोक्यात फिरवलं. नावं उलटी टाकली असतीन, नाही तं हुकूम अर्धा देला असन. पण चूक माहीच होती. म्हणून सांगतो, आपल्यावर भरोसा नोको ठेवू. सगळं पाहाचं, मंग पुसाचं." ती हसून माझ्याकडे पाहत म्हणाली, "सांग ना गा यायले. तू होता ना तिथं."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. तिच्या मागच्या भिंतीवर तिच्या वडिलांचा फोटो होता, हार घातलेला. मी उभा राहिलो. आता, असं मी स्वतःला म्हटलं.

"ताई बरोबर सांगतात," मी म्हणालो. "सगळं पाहावं, मग पुसावं."

पुढच्या बाकावरची मुलं ते लिहून घेऊ लागली. चहा आला. तिनं माझा नंबर डायरीत लिहून घेतला, ती मला जिन्यापर्यंत सोडायला आली, पुन्हा ये म्हणाली, बायकोले घेऊन ये म्हणाली. त्यानंतर मी गेलो नाही. गेल्या महिन्यात फोन आला तो तिच्या भावाचा होता; तिच्या जुन्या डायरीतल्या सगळ्या नंबरांना तो ती गेल्याचं कळवत होता. मी ऐकून घेतलं, केव्हा, कसं ते विचारलं, आणि फोन ठेवला. ते वाक्य मी कधीपासून जवळ बाळगून आहे, आणि ते फार मोठंही नाही. ताई, तुह्याकडून काहीच चुकलं नव्हतं. बाण मी टाकले होते, मले त्याच दिवशी समजलं होतं, आणि तू विचारलं तवा मी खोटं बोललो. मले माफ कर.